येते मी, राणी!

आमच्या दंडारीतली, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या नाटकातली, राणी मुळात प्राणहिता नदीपलीकडची, तेलुगू मुलखातली, आणि मुळात बाप्या. नाव ओदेलू. १९५१ साली एका तेलुगू नाटकमंडळीबरोबर तो गोंडपिपरीकडे आला, तापाने आमच्या गावात आडवा झाला आणि मंडळी पुढे निघून गेली. शेजारच्या गुणाबाईने पेज पाजून त्याला उभा केला. बरा झाल्यावर तो गायला लागला आणि आम्ही हातातलं काम टाकून ऐकत बसलो. मी दंडारीत ढोलकी वाजवायचो. तसा गळा पुन्हा ऐकला नाही.

दंडार बसवणाऱ्या गुणवंतरावांनी त्याला लगेच लुगडं नेसवलं. तेव्हा बायांची कामं पुरुषच करत. पण गोची अशी झाली, की ओदेलू मराठी शिकला तो राणीच्या पुस्तकी मराठीतल्या पाठांतरातून. आमच्याकडे बायासुद्धा 'मी जातो' म्हणतात; हा गडी मात्र खांद्यावर नांगर घेऊन म्हणे, "मी शेतावर जाते."

पाच वर्षं त्याने राणी गाजवली. मग रामाजीची मंगली त्याच्या मनात भरली. तिलाही तो आवडे. त्याने मागणी घातली, तर रामाजी उखडलाच.

"माह्या पोरीले नवरा पायजे, मैतरीण नाई! मंडईत राजा बनून दाखव, मंग पाहू."

मंडई म्हणजे दिवाळीनंतरची आमची जत्रा; तोवर महिनाभर ओदेलूने राजाचं काम घोकलं. "मी जातो, मी येतो" असं तो बैलांनाही ऐकवायचा. मला त्याची दया यायची आणि हसूही.

मंडईत त्याने काजळाची मिशी काढली आणि लढाईला निघालेल्या राजाचं पद असं गायलं, की अहेरीहून आलेले पाहुणेही पुढे सरकले. रामाजी मान डोलवत होता. शेवटचं एकच वाक्य उरलं. राजाने तलवार उपसली, वळला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "येते मी, राणी!"

सगळी मंडई हसून लोळली. माझा हात ढोलकीवरच थांबला. ओदेलू तिथेच उभा, डोळ्यांतल्या पाण्याने मिशी हनुवटीपर्यंत ओघळलेली. मला वाटलं, मोडलं लग्न.

तेवढ्यात बायांमधून मंगली उठली आणि ओरडली, "लवकर ये! मी वाट पाह्यतो!"

रामाजीने कपाळावर हात मारला. मग तोही हसायला लागला.

"घ्या! पोरगीच 'पाह्यतो' म्हणून राह्यली, तं हा 'येते' म्हणला तं काय बिघडलं?"