घसा बसलाय, एवढंच वाटलं

"पुन्हा आलाय. या वेळी घशात," डॉक्टर म्हणाले.

माझी बायको सुमन शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिनं पदर सारखा केला आणि बसलेल्या आवाजात विचारलं, "मंग आता?"

पहिल्यांदा कॅन्सर गालात निघाला होता. लहानपणापासून ती दातांना मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावायची. ऑपरेशन झालं, मशेरी सुटली, ती बरी झाली. मात्र दर दोन महिन्यांनी फॉलो-अपला, म्हणजे फेरतपासणीला, यायचं असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मग दुष्काळ पडला. सुमन आमच्या तलवाड्यातल्या बायकांच्या दूध संस्थेची अध्यक्ष. संस्थेनं जनावरांसाठी चारा छावणी घेतली आणि ती दिवसभर तिथंच राहू लागली. पाण्याचा टँकर आला की ओरडून ओरडून रांग लावायची.

मी एसटीत कंडक्टर. रजा मांडून म्हणालो, "उद्या औरंगाबादला तपासणीला जाऊ."

"मी गेले तर पाण्यावरनं भांडणं व्हतील. पाऊस पडू द्या, मंग जाऊ."

तिचा आवाज घोगरा झाला होता. ओरडून घसा बसलाय, असं तिला वाटलं, मलाही वाटलं. मिठाच्या गुळण्या चालू ठेवल्या. तुमच्या घरात कुणाचा घसा असा बसून राहिला, तर गुळण्यांवर थांबू नका.

आवाज सुधारेना, तेव्हा औरंगाबादला गेलो. एंडोस्कोपी झाली, म्हणजे नळीला कॅमेरा लावून घसा पाहिला. बायोप्सीला तुकडा गेला. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी पुन्हा आलाय म्हणून सांगितलं, आणि सुमनच्या "मंग आता?"वर म्हणाले, "लॅरिंजेक्टॉमी करावी लागेल. स्वरयंत्र पूर्ण काढायचं. त्या श्वास गळ्याला ठेवलेल्या छिद्रातून घेतील. तुम्ही लवकर आला असतात तर किरणांच्या शेकावर कदाचित भागलं असतं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सुमननं संस्थेतल्या एकेकीला फोन लावला. कुणाच्या गाईला ताप होता, कुणाच्या दुधाला फॅट लागत नव्हतं. मी डबा घेऊन शेजारी बसलो होतो. माझ्याशीही बोल, असं म्हणायची मला लाज वाटली. फोन ठेवेपर्यंत ती दमली होती.

"तुमी जेवून घ्या," म्हणाली. "सकाळी धावपळ व्हईल."

सकाळी तिनं नुसता माझा हात दाबला.

शुद्धीवर आल्यावर तिचे ओठ हलले. गळ्यातल्या छिद्रातून नुसती हवा आली. "काय?" मी विचारलं. तिनं पुन्हा ओठ हलवले. मला कळलं नाही. तिनं भिंतीकडे तोंड केलं. ती पाठ मला अजून दिसते.

सिस्टरनी मला छिद्र साफ करायला शिकवलं. मी घाई केली की त्या म्हणायच्या, "सावकाश, मामा." त्यांचे उपकार विसरणार नाही.

आता पाऊस झालाय. सुमन संस्थेच्या बैठकीला जाते. ती ओठांनी बोलते, मी मोठ्यानं सांगतो. चुकलो की बायका हसतात. तीही हसते, खांदे हलवत, आवाजाशिवाय.

तिच्याशी बोलायचं तर हातातलं सोडून तिच्याकडे बघावं लागतं. इतक्या वर्षांच्या संसारात मी पाठमोराच हूं हूं करत आलो. तिला आवाज होता, तेव्हा ऐकायला सवड काढायला हवी होती.

काल जेवताना ती काहीतरी सांगत होती आणि मी ताटात बघून मान हलवली. तिनं माझी हनुवटी धरली, तोंड आपल्याकडे वळवलं आणि पुन्हा ओठ हलवले.

"आपली गाय व्यायली," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली. मी ताटावरून उठलो आणि तिच्यामागं गोठ्यात गेलो.