पाचवा हिस्सा

माझा स्वभाव मत्सरी आहे, हे आधीच सांगून टाकते. धाकट्या जावेला अंबाडा छान जमतो आणि मला जमत नाही, एवढ्यावरसुद्धा माझा दिवस खराब जायचा. पिरनवाडीत आम्ही एकाच घरात राहायचो आणि सासूबाईंना माझा गुण पुरता ठाऊक होता. म्हणून घरात आलेली प्रत्येक वस्तू त्या आम्हा दोघी जावांना एकाच वाटीनं मोजून द्यायच्या, मग ते तूप असो की डिंकाच्या लाडवांचा चुरा. माझी मुलगी आणि जावेचा मुलगा आठ दिवसांच्या अंतरानं जन्मले, तेव्हा दोन्ही पाळण्यांचं कापडही त्यांनी एकाच ताग्यातून फाडलं.

पोलिओच्या इंजेक्शननं ही वाटणी मोडली.

दीड महिन्याची झाल्यावर मुलीला मी अंगणवाडीत नेलं. नर्सबाईंनी उजव्या दंडाच्या कातडीत बारीक सुईनं थेंबभर लस सोडली. मसुरीच्या डाळीएवढा फुगवटा आला. जावेचं माहेर निपाणीचं, माणसं हौशी. त्यांनी तिच्या मुलाला बेळगावात मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथं मांडीत पूर्ण डोस. संध्याकाळी दोघांची कार्डं शेजारी ठेवून मी आकडे वाचले. त्याला अर्धा मिली, माझ्या मुलीला पॉइंट एक. म्हणजे पाचवा हिस्सा.

"लस लागल्याशी मतलब. तू कशाला मोजत बसतीस?" नवरा म्हणाला.

लग्न होऊन आल्यापासून सगळं मोजूनच घेतलेल्या बाईला हे कसं पटावं? त्या दिवसापासून जावेच्या मुलाची गुबगुबीत मांडीसुद्धा माझ्या डोळ्यांत खुपायला लागली.

मुलगी साडेतीन महिन्यांची झाली, तशी दुसऱ्या छोट्या डोसाची वेळ आली. अंगणवाडीत लस दर गुरुवारी असायची, आशाताई दारात येऊन आठवण करून गेल्या. मुलीला ताप आहे, असं मी त्यांना सांगितलं. ताप नव्हता. पुन्हा पाचवा हिस्सा घ्यायचा नाही, घेईन तर जावेच्या मुलाएवढा, असं मी मनाशी ठरवलं होतं. पुढच्या गुरुवारीही ताप सांगितला, त्याच्या पुढच्याही.

मग एका बुधवारी, मैत्रिणीकडे जाते असं सांगून मी बस धरली आणि बेळगावच्या त्याच डॉक्टरीणबाईंपुढे मुलीला ठेवलं. त्यांनी कार्ड उलटंसुलटं बघितलं.

"दुसरा डोस कुठं आहे?"

"मला पूर्ण द्यायचाय, बाई. तो थेंबभर नको."

"कातडीत दिली की थोडी लस पुरते. मांडीत द्यायची तर जास्त लागते. दोन्ही पद्धती चालतात. पण थोड्या लसीच्या पद्धतीत एकावर भागत नाही, दुसरा वेळेवर लागतोच. तीन आठवडे हिला अर्धवट ठेवलीत. कशासाठी?"

जावेच्या मुलाला जास्त मिळालं म्हणून, असं त्यांना कसं सांगणार? उद्या गुरुवारच आहे, सुरुवात जिथं केलीत तिथंच जा, असं म्हणून त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. परतीच्या बसमध्ये मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. तिचे इवलेसे तळपाय मी सारखे दाबून बघत होते, आणि तिनं पाय आखडून घेतला की मला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत गेले तर नर्सबाईंच्या टेबलापाशी माझी जाऊ. मुलगा कडेवर, आणि हुज्जत चाललेली.

"याला बी ते कातडीतलं टोचा की, बाई."

"अगं, याला पूर्ण दिलंय. कार्डावर हाय."

"दिलंय, खरं कुठं काय उठलंच न्हाय. आक्काच्या पोरीला कसा डाळीएवढा फोड आलता. तवापास्नं मला लई हेवा वाटतोय तिचा. माझ्या पोराला लस लागलीच न्हाय बघा."

जन्मल्यावरची बीसीजी टोचली तेव्हापासून आमच्या घरात सासूबाईंचा नियमच होता, फोड उठला तर लस लागली. बसलेल्या बायका हसल्या. मांडीत खोल दिलेलं वर दिसत नाही, असं नर्सबाईंनी तिला समजावलं. तीही हसली, मागं वळली आणि मी दिसले.

"आक्का, आलीस व्हय? पोरीचा ताप उतरला?"

"उतरला," मी म्हणाले.

नर्सबाईंनी डोस दिला. मुलगी रडली, फुगवटा उठला. जाऊ वाकून बघत राहिली. "कसा झ्याक उठलाय बघ," म्हणाली. तिच्या मुलाकडे नाही असं काहीतरी पहिल्यांदाच माझ्या मुलीकडे होतं आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तो फार टिकला नाही. माझ्याएवढाच हेवा तिलाही वाटत होता, पण ती भरल्या अंगणवाडीत बोलून मोकळी झाली. मी तो पोटात ठेवला आणि तीन गुरुवार मुलीला ताप लावला.

घरी जाताना ती पुढं चालत होती, पोराशी काहीबाही बोलत. मी मागून बघत होते. आता तिच्या त्या मोकळ्या तोंडाचाही मला हेवा वाटत होता.