क्वांटमला घालायचा हार

आमच्या कंपनीत इंजिनांचे पाणीपंप बनतात. कंपनी चाकणला, मी थेरगावला. रोज कंपनीच्या बसने जाते. पंपात पाणी कसं वाहील हे आधी संगणकावर काढायचं आणि मग टेस्ट रिगवर खरं पाणी सोडून संगणकाने कुठे थाप मारली ते पाहायचं, हे माझं काम. रिग म्हणजे एक टाकी, थोडे पाइप आणि आत डोकावायला एक पारदर्शक खिडकी. पंपात खोट असली की त्या खिडकीत बुडबुडे दिसतात. नोकरीला लागले तेव्हा ही रिग मीच मागे लागून उभी करून घेतली होती. तिच्यावर माझा जीव आहे.

गेल्या वर्षी आमचे धाकटे साहेब, म्हणजे मालकांचे चिरंजीव, कुठल्याशा प्रदर्शनाला गेले आणि डोक्यात क्वांटम घेऊन परतले.

"मॅडम, आता पाण्याची गणितं क्वांटम कॉम्प्युटरवर. रिगची गरजच संपली."

रिगच्या खोलीला काचेच्या भिंती लागणार आणि तिचं क्वांटम सेंटर होणार. खंडेनवमीला ग्राहक कंपनीचे पाहुणे ते बघायला येणार आणि दसरा झाला की भंगारवाला येऊन रिग उचलणार. सगळं ठरलंसुद्धा. मला विचारायचं तेवढं राहून गेलं.

क्वांटमचं सॉफ्टवेअर फुकट मिळत होतं. ते उतरवून घेतलं आणि महिनाभर डोकं फोडलं. पंपासाठी मी एरवी पाण्याचे लाखो तुकडे पाडून हिशेब करते. इथे एका सरळ नळीचे सोळा तुकडे झाले आणि सॉफ्टवेअर दमलं. तेही चालत होतं माझ्याच लॅपटॉपवर. म्हणजे साध्या लॅपटॉपने आधी क्वांटम कॉम्प्युटरचं सोंग घ्यायचं आणि त्या सोंगातच पुन्हा पाण्याचं सोंग घ्यायचं. खरं यंत्र परदेशात. त्याच्याकडे इंटरनेटवरून काम पाठवून रांगेत थांबावं लागतं. थांबले. आमचं पाणी तिकडून परत आलं ते नळीच्या मधोमध उलटं वाहत. ती यंत्रं अजून शिकाऊ आहेत, चुकायचीच. पुढेमागे कदाचित माझ्यापेक्षा बरं काम करतील. पण तोवर पंप कोण तपासणार?

"साहेब, याला अजून वेळ आहे. रिग राहू द्या," मी म्हटलं.

"मॅडम, निगेटिव्ह होऊ नका."

आमच्याकडे खरं बोललं की निगेटिव्ह म्हणतात. रिग कोपऱ्यात ढकलून तिच्यावर ताडपत्री टाकली गेली. त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

खंडेनवमीला आमच्या पट्ट्यात यंत्रं धुऊन-पुसून बंद ठेवतात आणि हळदकुंकू, झेंडूचे हार घालून पूजतात. आमच्याकडे पहिला हार मोठे साहेब, म्हणजे कंपनी काढणारे मूळ मालक, स्वतःच्या हाताने घालतात, आणि तो सगळ्यात मानाच्या यंत्राला. नारळ फुटला की ते यंत्र थोडा वेळ चालवायचं, त्याशिवाय पूजा पुरी होत नाही. यंदाचा मान अर्थात क्वांटमचा. पाहुण्यांना धाकट्या साहेबांनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं.

पाहुणे काचेबाहेर उभे होते. आत पाटावर माझा लॅपटॉप. मोठे साहेब हातात हार घेऊन बघत राहिले.

"ह्यो तर मॅडमचा लॅपटॉप हाय. यंत्र कुठंय?"

"बाबा, ते परदेशात आहे."

"मग हार काय कुरियरनं धाडू?"

गुरुजींना पुढे आणखी कारखाने गाठायचे होते. त्यांनी या वादात न पडता नारळ फोडला आणि पाणी सढळ हाताने कीबोर्डवर शिंपडलं. स्क्रीन एकदा लुकलुकला आणि विझला.

"बंद पडल्यालं मी न्हाई पुजायचो," मोठे साहेब म्हणाले. मग इकडेतिकडे बघत कोपऱ्यात गेले आणि ताडपत्री ओढली. "ही हाय की! चालती का वं?"

"चालते," मी म्हटलं.

त्यांनी रिगला हार घातला. मी बटण दाबलं. तिच्यावर आमचा एक नापास झालेला पंप तसाच राहिला होता. पाणी सुटलं आणि खिडकीत बुडबुड्यांचा नुसता खच पडला. पाहुणे आत घुसले. पहिला हार पडला म्हणजे हेच ते यंत्र, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"अच्छा, हा क्वांटम कॉम्प्युटर! आत चाललेलं सगळं दिसतं की हो!"

आणि आमच्या पंपाची खोट बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

धाकट्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिगकडे पाहिलं.

"हो, हाच," ते म्हणाले. "मॅडमनी इथंच बनवलाय."

आता रिगच्या डोक्यावर निळा दिवा आहे, पाटी आहे, आणि मी क्वांटम सेंटरची प्रमुख आहे. रिग वाचली म्हणून मी त्या दिवशी बसमध्ये चक्क रडले. रागही आला. इतकी वर्षं खरं बोलत आली बिचारी, आणि जगायला शेवटी खोटी पाटी लागली.

दसऱ्यानंतर ठरल्याप्रमाणे भंगारवाला आला. आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं परत पाठवायचं? त्याला लॅपटॉप दिला.