मिसबाईंचे लोकरीचे गुंडे

नोकरीतल्या बहुतेक गुन्ह्यांचे तपशील आता माझ्या डोक्यात पुसट झाले आहेत. जी घटना पुसली जात नाही, ती निवृत्तीनंतरची आहे, परदेशातली आहे, आणि तिची नोंद कोणत्याही पोलीस ठाण्यात नाही.

उपअधीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी काही महिने मुलीकडे आयर्लंडला राहिलो होतो. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षे. मुलगी ब्युमॉन्टच्या इस्पितळात डॉक्टर, पण घर डब्लिनच्या पार पश्चिमेला, ओंगारच्या नव्या वसाहतीत. तिथली सगळी घरे एकसारखी. सुरुवातीला मी भलत्याच दाराला किल्ली लावत असे.

आमच्याच गल्लीत नागपूरचा एक तरुण इंजिनियर राहत होता. एका रविवारी तो कापडी पिशवी घेऊन आला आणि बसायचे सोडून दारातच घुटमळला.

"काका, तुम्ही पोलिसात होतात ना? जरा विचारायचं होतं."

ठाण्यात फिर्यादी आला की मी आधी त्याला पाणी द्यायला सांगत असे आणि अंमलदाराला पेन खाली ठेवायला लावत असे. पेन दिसले की माणूस जपून बोलतो. इथे पेन नव्हतेच. पाणी दिले आणि गप्प बसलो.

त्याची कंपनी त्याला कामासाठी एका देशात पाठवत असे. त्या देशाचे नाव मी लिहिणार नाही. जवळच राहणारी एक वृद्ध आयरिश बाई प्रत्येक वेळी त्याच्याकडे लोकरीचे गुंडे द्यायची. तिथे हॉटेलात माझी एक मैत्रीण काम करते, तिला विणकामाला हवेत, असे सांगायची. मागच्या खेपेला खोल्या साफ करणारी एक बाई ती पिशवी घ्यायला आली. तिने गुंडे दोन्ही हातांनी कपाळाला लावले आणि रडायला लागली.

"लोकरीसाठी कोणी रडतं का, काका?"

माझ्या डोक्यात पहिला शब्द आला तो अंमली पदार्थ. साधा चेहरा, चांगली नोकरी, नेहमीचा परदेश प्रवास. वाहक असाच निवडतात.

"ओळख नाही, पाळख नाही, तू तिच्यावर विश्वास कसा ठेवलास?"

"ती मराठी बोलते, काका. बसस्टॉपवर मी आईशी फोनवर बोलत होतो. मागून आवाज आला, 'आईला सांग, नीट जेवतोय म्हणून.' वळून पाहतो तर ही गोरी म्हातारी!"

माझ्या मुलीने हे ऐकले आणि म्हणाली, "बाबा, हे तुमचं ठाणं नाही. गार्डांना फोन करा." तिथल्या पोलिसांना गार्डा म्हणतात.

त्या मुलाचा चेहरा उतरला. "ताई, माझ्या वर्क परमिटचं काय होईल? आधी आत काय आहे ते तरी बघू."

जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली, मुलीला पंच म्हणून समोर बसवले आणि त्याच्या पिशवीतला एक निळा गुंडा उलगडायला घेतला. बरीच लोकर सुटल्यावर आतून तळहाताएवढी पुस्तिका निघाली. मुखपृष्ठ नव्हते. कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ होता. लिपी आम्हा तिघांनाही अनोळखी. मी पाने झटकली, वास घेतला, शिवण उसवून पाहिली. पूड नाही, काही नाही. खरे सांगायचे तर मी जास्तच गोंधळलो. अंमली पदार्थ सापडले असते तर पुढे काय करायचे ते मला पाठ होते.

मग पानाच्या मांडणीकडे लक्ष गेले. दोन स्तंभ आणि दर एक-दोन वाक्यांमागे बारीक आकडा. नगर जिल्ह्यात असताना ख्रिस्ती साक्षीदार जे पुस्तक हातात धरून शपथ घेत, त्याची पाने मी कोर्टात पाहिली होती.

"हे बायबल आहे," मी म्हणालो.

"मग लपवायचं कशाला?" मुलीने विचारले.

इंजिनियर खुर्चीत बसला. "ताई, तिथे याच्यासाठी जेल आहे. ऑफिसातल्या माणसाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, धर्माचं कुठलंही पुस्तक आणू नका. त्यांच्यातली माणसं वर्षानुवर्षं आत आहेत." त्याने पिशवीतल्या उरलेल्या गुंड्यांकडे पाहिले. "आणि मी तीन वेळा नेलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघे त्या बाईंच्या घरी गेलो. सत्तरी ओलांडलेली सडपातळ बाई, केस आखूड कापलेले. मी कोण ते त्याने सांगितले, तशा त्या म्हणाल्या, "या की साहेब. पायताण राहू द्या, फरशी लई गार हाय."

अस्सल नगरी बोली. तरुणपणी त्या नगरकडच्या मिशनच्या इस्पितळात नर्स म्हणून आल्या आणि अर्धे आयुष्य तिथेच राहिल्या. पेशंट त्यांना मिसबाई म्हणत. भाषा त्या पेशंटांकडूनच शिकल्या होत्या.

मी चहा होऊ दिला. संशयिताशी आधी इकडचे तिकडचे बोलावे, म्हणजे तो मनात उत्तरे तयार करू लागतो आणि डोळे चोरतो, हा माझा अनुभव. बाईंनी डोळे चोरले नाहीत. मी उलगडलेली पुस्तिका टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून पदराने पुसावी तशी आपल्या स्वेटरने पुसली.

"व्हय साहेब, माझंच काम हाय. कवापासून करते, कसं करते, समदं सांगते. फकस्त तिथल्यांची नावं इचारू नका."

पहिल्याच वाक्यात कबुली देणारा आरोपी मला फार क्वचित भेटला. मी तयार ठेवलेले सगळे प्रश्न वाया गेले.

भारतातून परतताना त्या काही काळ त्या देशातल्या एका दवाखान्यात होत्या. तिथे एका घरात गुपचूप प्रार्थना चाले. त्या माणसांकडे अख्ख्या पुस्तकाचे एकच पान होते. ते आळीपाळीने घरी न्यायचे. ज्या घरात पोलिसांना ते पान सापडले, त्या घरातल्या कर्त्या माणसाला त्यांनी नेले, तो परत आला नाही. त्याची बायको म्हणजेच हॉटेलात गुंडे घेणारी ती बाई.

इंजिनियर खुर्चीतून उठला. आता त्याचा आवाज चढला. "मला का नाही सांगितलंत? मी तुम्हाला आजी म्हणत होतो!"

"सांगितलं असतं तर तू तिथं घाबरला असतास, लेकरा. तुझ्या तोंडावर समदं दिसतं."

"म्हणजे याचा भोळेपणा तुम्ही ढालीसारखा वापरलात," मी म्हणालो. "हा पकडला गेला असता तर याच्या आईला तुम्ही काय सांगणार होतात?"

"रोज याच्यासाठी प्रार्थना करत होते."

"प्रार्थनेवर जामीन मिळत नाही, बाई."

तेव्हा पहिल्यांदा त्यांचे डोळे खाली गेले. त्यांनी कप बशीवर ठेवला. त्या म्हणाल्या, "न्हाई मिळत. हे मी चुकीचं केलं. ती बाई दिसत व्हती, हा पोरगा दिसतच नव्हता मला."

घरी परतताना मी ठरवू शकत नव्हतो की माझ्यासमोर कोण बसले होते. आयर्लंडमध्ये हा गुन्हा नव्हता. तिथे होता. मुलाची फसवणूक झाली होती, हे नक्की. आणि त्या पुस्तकासाठी माणसे तुरुंगात जात होती, हेही नक्की. तीस वर्षांहून जास्त मी कलम बघून माणूस ओळखत आलो होतो. इथे कोणतेच कलम बसेना. गार्डांकडे आम्ही गेलो नाही. त्या मुलाने कंपनीला सांगून तिथले काम सोडले आणि बाईंशी बोलणेही सोडले.

काही आठवड्यांनी कळले की बाई स्वतःच गुंडे घेऊन त्या देशात गेल्या आणि तिथल्या विमानतळावर पकडल्या गेल्या. परदेशी आणि वयस्कर म्हणून चौकशी करून त्यांना परत पाठवले. त्यांना आणायला डब्लिनच्या विमानतळावर तोच मुलगा गेला.

"राग गेला का?" मी विचारले.

"नाही, काका. पण तिला घ्यायला दुसरं कोण जाणार?"

भारतात परतण्याआधी मी त्यांना भेटायला गेलो. मनगटांवर बेडीचे वळ होते. हॉटेलातल्या बाईचे नाव त्यांनी दिले नव्हते. तिथल्या अधिकाऱ्यांनी सगळे गुंडे उलगडून घेतले, पुस्तिका मोजून पोत्यात भरल्या, असे त्यांनी सांगितले. मग त्या जरा पुढे झुकल्या.

"एक इचारू का साहेब? तुम्ही पोलिसातलं, तुम्हाला ठावं असंल. चौकशी करणारा त्यांचा साहेब दुसऱ्यांला बाहेर धाडून दार लावून आला. पोत्यातली एक पुस्तिका काढली, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली, अन् माझ्याकडं न बघता निघून गेला. त्यानं ती कशाला घेतली असंल?"

मुद्देमाल पंचांसमोर सील करतात. आतल्या खिशात ठेवत नाहीत. पण कुणावर तरी खोटी केस करायची असेल तर वस्तू अशीच काढून ठेवतात, हेही मला माहीत होते. आणि एकट्याने वाचायची असेल तरीही माणूस नेमके हेच करेल.

"त्याचा चेहरा कसा होता?" मी विचारले.

"तुमच्यावानीच," त्या म्हणाल्या. "काय बी कळत नव्हतं."

त्या केसने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर एवढेच सांगता येते: चेहरा कोरा ठेवायचे मी आयुष्यभर शिकलो, पण तशा कोऱ्या चेहऱ्यामागचे वाचायला कधीच शिकलो नाही. बाई उत्तराची वाट पाहत होत्या. मला माहीत नाही, असे मी त्यांना सांगितले, आणि तेच खरे होते.