चाकं नाहीत, दाजी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणला, आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये उपमा खात होतो. ताईचा आवाज अगदी सपाट होता. "सुनील, हे गेले रे. आंघोळ करून आले, खुर्चीत बसले... तू ये." मी "हो" म्हणालो. त्यानंतर जी पहिली गोष्ट माझ्या मनात आली ती लिहायची आजही लाज वाटते. मला वाटलं, चला, आता सुनावणी होणार नाही. सख्ख्या बहिणीचा नवरा गेला होता, आणि मी सुटलो होतो. उरलेला उपमाही मी संपवला. ताटात टाकायचं नाही, एवढं एकच वळण घरच्यांना मला लावता आलं.

दाजी मूळचे परभणीकडचे. पिंपरीत एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले, तो बंद पडल्यावर कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटकडे कागद पोचवायचं काम धरलं, आणि चाळिशीत परीक्षा देऊन कस्टम्सपुढे सही करण्याचं कार्ड मिळवलं. परदेशातून आलेली वस्तू दरपत्रकात कुठल्या क्रमांकाखाली बसते, ते ओळखून लिहायचं, असं ते काम. त्यावर तिची ड्यूटी ठरते. त्यातही दाजींचा हात धरणारा माणूस नव्हता तो ओझं उचलणाऱ्या यंत्रांत. आम्हा अडाण्यांसाठी त्यांनी या यंत्रांची चार घरं केली होती. साखळीनं नाहीतर दोरानं सरळ वर ओढणारं ते पहिलं, हॉइस्ट आणि जॅकचं. उचलून बाजूला नेणारं दुसरं, क्रेनचं. उचलतं आणि स्वतःच्या चाकांवर चालतं ते तिसरं, फोर्कलिफ्टचं. आणि यातलं काहीच नाही, तरीही उचलतं, ते चौथं... लिफ्ट, सरकते जिने, सगळी उरलेली जमात. मी एकदा विचारलं, "दाजी, मी कुठल्या घरात?" तर म्हणाले, "पाव्हणं, तुमी आधी काही उचला तर खरं."

खोकं उघडून, गुडघ्यावर बसून, खाली वाकून बघितल्याशिवाय ते क्रमांक लिहीत नसत. कॅटलॉगवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "कॅटलॉग म्हंजे लग्नाचा बायोडाटा. त्यात टक्कल लिहितंय का कोणी?" माझ्या पुतणीच्या लग्नात वधूवरांना घेऊन स्टेज हळूहळू वर आलं, फुलं उडाली, लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि आमचे दाजी कोऱ्या सफारीत जमिनीवर ओणवे होऊन स्टेजखाली डोकावत होते. ताई शरमेनं लाल. ते उठले, हात झटकले आणि मला म्हणाले, "चाकं न्हाईत. चौथं घर." नवऱ्यामुलाच्या मामांना वाटलं, मुलीकडच्या या पाहुण्यांना चक्कर आली.

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, महिनाभर घराबाहेर पडायचं नाही. नेमकी तेव्हाच आमच्या कंपनीची सहा लिफ्ट टेबलं परदेशातून येऊन कस्टम्सच्या डेपोत पडली. गाडीचे सुटे भाग कामगाराच्या कमरेपर्यंत वर आणून देणारी ही टेबलं. इकडे लाइन थांबलेली, साहेब तासातासाला माझ्या टेबलाशी येऊन उभे. आयातीचे कागद मीच बघतो, म्हणजे बघायला हवेत. मी दाजींना फोन केला. अशीच टेबलं आधी एकदा आली होती, तेव्हा दाजींनी स्वतः जाऊन बघितली होती. म्हटलं, "तीच आहेत, चौथं घर टाका."

"थांब. चार दिसानं मी रिक्षा करून जातो."

"चार दिवसांत इथं माझं तेरावं घालतील, दाजी!"

"तू बघितलास का खालून?"

"बघितलं. चाकं नाहीत, दाजी."

मी डेपोत गेलोच नव्हतो. जुन्या ऑर्डरचा फोटो कॉम्प्युटरवर उघडा होता, तो बघून बोललो. आमच्या प्रॉडक्शनवाल्यांनी या वेळी मॉडेल बदललं होतं, तसा मेलही मला आला होता. तो मी उघडला नव्हता... आयुष्यात पहिल्यांदा दाजींनी न बघता क्रमांक लिहिला, आणि तो माझ्या शब्दावर. तपासणीत खोकी उघडली, तर टेबलाखाली मोटर, चाकं, आणि चालवणाऱ्याला उभं राहायला जागा. तिसरं घर. माल चुकीचा दाखवल्याचा ठपका आला आणि चौकशी होईपर्यंत दाजींचं कार्ड काढून घेतलं.

जबाबात त्यांना विचारलं, माल कोणी बघितला? त्यांनी लिहून दिलं, कोणी नाही, सही माझी आहे. मला कळलं तेव्हा मी रावेतला त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "दाजी, माझं नाव सांगा." ते म्हणाले, "कामून? तुझी नोकरी जाईल. पोरीचं शिक्षण चाललंय." मी पुन्हा म्हणालो नाही. पहिल्यांदा म्हणालो तेही अशा बेतानं, की समोरच्यानं नाहीच म्हणावं.

पुढचे सात महिने ते घरात बसून होते. डेपोतल्या ज्या लोकांना त्यांनी हे काम शिकवलं, त्यांचेही फोन बंद झाले. "आता मला इचारलं तर त्यांच्यावर संशय येतो," असं म्हणून तेच त्यांची बाजू घ्यायचे. सुनावणीची तारीख कळली तेव्हा मात्र त्यांनी कपडे इस्त्रीला दिले. आणि त्या तारखेच्या नऊ दिवस आधी गेले.

तेराव्यानंतर कस्टम्सचं पत्र आलं. संबंधित व्यक्ती मयत असल्यानं प्रकरण बंद करण्यात येत आहे. ताईनं ते दोनदा वाचलं. "म्हणजे त्यांनी लबाडी केली की नाही, ते काहीच नाही लिहिलेलं?"

"आता ते ठरणार नाही, ताई."

"ते मला म्हणाले होते, माल बघितलेल्या माणसाच्या शब्दावर लिहिलं. कोण ते सांगितलं नाही." तिनं माझ्याकडं बघितलं. "तू होतास?"

"हो."

"आणि बघितलं होतंस?"

"नाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मला दाजींच्या खोलीत घेऊन गेली, त्यांच्या खुर्चीत बसवलं, कोरा कागद पुढं ठेवला. "लिही." मी सगळं लिहिलं. मधे एका ठिकाणी मी 'अनवधानानं' असा शब्द घातला होता, तो तिनं खोडायला लावला.

मी कस्टम्सच्या ऑफिसात कागद दिला तेव्हा खिडकीतला कारकून म्हणाला, "साहेब, केस तर बंद झाली. याचा आता काय उपयोग?" म्हटलं, "फाइलीला लावा." त्यानं खांदे उडवले, आवक शिक्का मारला, आणि एक प्रत मला परत दिली. दुसरी प्रत मी कंपनीत दिली. तिथं माझं काय करायचं, ते अजून ठरतंय.

ताईनं ती शिक्क्याची प्रत दाजींच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवली आहे. मी रविवारी रावेतला जातो. पूर्वी चहा स्वयंपाकघरात व्हायचा, आता ती त्याच खोलीत आणून देते, कप काचेवर ठेवते, कागदाच्या बाजूला, अक्षरं झाकली जाणार नाहीत असा... आणि माझा चहा संपेपर्यंत समोर उभी राहते.