बावीस हजार एकचा आहेर

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, खारबावजवळच्या एका लग्नात माझ्या मामाचे चौदा महिने थकलेले बावीस हजार रुपये वसूल झाले. दोन वाजून बारा मिनिटांनी ते पुन्हा गेले. दोन्ही वेळा वही माझ्या हातात होती.

मामाचा मंडपाचा धंदा आहे. पडदे, खुर्च्या, माइक, जनरेटर आणि हे सगळं वाहून नेणारा एक टेंपो. चौदा महिन्यांपूर्वी त्याने खारबावच्या एका शेठच्या मुलीच्या हळदीला मांडव घातला होता. शेठची जमीन होती, जमिनीवर गोडाऊनं होती आणि त्यांचं भाडं दर महिन्याला येत होतं. पैसे नव्हते असं नाही. पण मामा वसुलीला गेला की शेठ त्याला आधी जेवायला बसवायचे.

"जेव पयलं. पैसं कुठं पलून जातान?"

जिताडा माशाचं कालवण खाऊन झाल्यावर पैशाचा विषय काढणं मामाला बरं वाटायचं नाही. सहा फेऱ्यांत तो सहा वेळा जेवला, एकदा आंब्यांची पेटी घेऊन आला आणि एकदा चालू स्थितीतला टेबल फॅन. पैसे आले नाहीत.

या रविवारच्या लग्नाच्या आदल्या दिवशी टेंपोच्या कर्जवाल्यांचा फोन आला. तीन हप्ते थकले होते. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत नारपोलीच्या ऑफिसात एकवीस हजार आठशे भरले नाहीत, तर मंगळवारी टेंपो उचलून नेणार होते. टेंपो गेला की मामाचा धंदा गोदामातच बसणार. रविवारच्या लग्नाचा मांडवही मामाचाच होता, पण त्याचे पैसे त्याने आगाऊ घेतले होते आणि डिझेल-मजुरीत संपवलेही होते. राहता राहिले शेठ. ते या लग्नाला पाहुणे म्हणून येणार होते. पंगतीला बसण्याआधी त्यांना गाठायचं, असं मामाने ठरवलं.

मी ठाण्याहून दोन दिवसांच्या रजेवर मामाकडे गेले होते. ठाण्यात एका वर्तमानपत्रात मी मजकूर तपासते. अक्षर बरं म्हणून नवरदेवाकडच्यांनी मला आहेराच्या टेबलावर बसवलं. आमच्याकडे आहेर वहीत लिहितात आणि माइकवर पुकारतात. कारण तेवढाच आहेर पुढे देणाऱ्याच्या घरच्या कार्यात परत करायचा असतो.

"तुमच्या पेपरात चुका असतान," मामा म्हणाला. "हितं नको."

टेंपोचे पैसे आज कुणीतरी देणार आहे, एवढंच त्याने मला सांगितलं होतं. कोण आणि किती, ते सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

दोन वाजता मामाने शेठना फाटकातच धरलं. शेठ हसले आणि खिशावर हात ठेवून म्हणाले, "आणलंय. घे." तेवढ्यात जनरेटर बंद पडला. मामा धावता धावता म्हणाला, "भाची बसलीय टेबलावर, तिच्याकडं द्या."

शेठ माझ्यासमोर आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट. त्यांनी नाव, गाव सांगितलं आणि नोटांचं बंडल ठेवलं.

"बावीस हजार. लिव."

मी मोजले. बरोबर होते. पण वर रुपया नव्हता.

"वरचा रुपया?" मी विचारलं.

"कसला रुपया?"

तोवरच्या त्र्याण्णव नोंदींत एकही पूर्ण आकडा नव्हता. घाईत राहिला असेल, असं समजून मी माझ्या पाकिटातून एक रुपया काढला, बंडलावर ठेवला, वहीत २२,००१ लिहिलं आणि चिठ्ठी माइकवाल्याकडे दिली. त्याच क्षणी जनरेटर सुरू झाला.

माइकवाल्याने आकडा दोनदा पुकारला. दुसऱ्यांदा त्याचा आवाज चिरकला. तोवरचा सर्वांत मोठा आहेर दोन हजार एकचा होता. बेंजोवाल्यांनी न सांगता वाजवायला घेतलं. बायका वळून बघायला लागल्या. नवरदेवाचे वडील स्टेजवरून चपला न घालताच धावत आले आणि त्यांनी शेठच्या खांद्यावर शाल टाकली. कुणीतरी शेठना उचललं. वर उचललेल्या अवस्थेत ते काहीतरी बोलत होते, पण बेंजोमुळे ऐकू आलं नाही. शेजारच्या गावचे दुसरे एक शेठ टेबलावर आले, त्यांनी स्वतःचं आधी दिलेलं पाकीट परत मागितलं, त्यात भर घातली आणि नवी चिठ्ठी लिहायला लावली.

मामा जनरेटरपासून आला तेव्हा त्याचे हात काळे होते. आम्ही तिघं आचाऱ्याच्या चुलीमागे उभे राहिलो.

"माझं पैसं?" मामा म्हणाला.

"दिलं मी. सगल्या गावानं ऐकलं."

"तो आहेर झाला, शेठ."

"तुझ्या भाचीनं केला. वर रुपया पन घातला तिनं."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी चूक मान्य केली.

पुकारलेला आहेर परत मागण्याची पद्धत नाही. मागितला असता तर शेठना पुन्हा कुठल्या मांडवात तोंड दाखवता आलं नसतं. परत करणं हाही अपमानच. तेवढ्यात नवरदेवाचे वडील आम्हाला शोधत आले. ते प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. चेहऱ्यावरचा आनंद उतरला होता.

"दादा, उपकार झाले," ते शेठना म्हणाले. "पण तुमच्याकडं कार्य निघालं की मना बावीस हजार एक घालावं लागतील. तवा मी कुठून आनू? हे खर्च व्हायच्या आत काय कार्य हाय का तुमच्याकडं?"

मग मामा म्हणाला, "शेठ, तुमच्या थोरल्या पोराच्या पोराचा वाढदिवस कवा हाय?"

"शुक्रवारी. पयला."

"उद्या करा. मांडव मी घालतो."

सोमवारी सकाळी अकरा वाजता शेठच्या अंगणात वाढदिवस झाला. नातवाचं वय तेव्हा अकरा महिने आणि सव्वीस दिवस होतं. केकवर एकचा आकडा होता. पाहुणे बावन्न. त्यांतल्या बऱ्याच जणांनी आदल्या दिवशी शेठना उचललेलं पाहिलं होतं. आहेराच्या टेबलावर मला बसू दिलं नाही. नवरदेवाच्या वडिलांनी बावीस हजार एक रुपये ठेवले, माइकवर पुकारा झाला आणि बेंजो नव्हता म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठनी बंडल उचलून मामाच्या हातात दिलं आणि वरचा रुपया मला दिला.

"जेवून जा," ते मामाला म्हणाले.

"न्हाय," मामा म्हणाला आणि टेंपोत बसला.

नारपोलीच्या ऑफिसातली पावती चार वाजून चाळीस मिनिटांची आहे. मंगळवारी टेंपो दारातच होता. सोमवारच्या मांडवाचं बिल साडेतीन हजार झालं. मामा त्यासाठी शेठकडे तीनदा जाऊन जेवून आला आहे.