दाजींची कंपनी

भूतकाळावर इतकं निरपेक्ष प्रेम करणारा माणूस औरंगाबादेत दुसरा झाला नाही, आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झाल्यावरही झालेला नाही. बरं, तो भूतकाळ त्यांचा स्वतःचाही नव्हे. तो वाळूजच्या एका कंपनीचा आहे. गाड्यांच्या इंजिनाला लागणारे रबराचे वॉशर बनवणारी ही कंपनी, आणि तिच्या शेअरचा भाव कधी काय होता हे मुखोद्गत असलेले हे गृहस्थ माझे थोरले साडू. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते पाटबंधारे खात्यात कारकून असताना एका उत्साही साहेबांनी सगळ्या कचेरीला या कंपनीचे शेअर घ्यायला लावले. बाकीच्यांनी पहिल्याच दिवाळीला विकून फटाके आणले. दाजींनी ठेवले. तेवढ्या पैशात तेव्हा एक बरी सायकल आली असती असं माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, जिला आम्ही ताई म्हणतो, सांगते, आणि आपल्याला सायकलच हवी होती असंही सांगते. दाजींनी पुढं ना एक शेअर घेतला, ना एक विकला. ते फक्त भाव बघत राहिले. आधी कचेरीत येणाऱ्या वर्तमानपत्रात, मग टीव्हीच्या तळाशी धावणाऱ्या पट्टीत, आणि मुलानं फोन घेऊन दिल्यावर फोनमध्ये.

एरवी त्यांची स्मरणशक्ती बेताचीच. स्वतःच्या लग्नाची तारीख ते अजून ताईला विचारतात. पण गारखेड्याच्या घराची वास्तुशांत कोणत्या साली झाली यावरून नातलगांत वाद पेटला की दाजी डोळे मिटतात आणि म्हणतात, "एकतीसवर होती. त्याच्या आधी पस्तीस होती, ती उतरत आली होती. म्हंजे निवडणुकीचं साल." मग कपाटातली पत्रिका काढून पाहावी तर साल बरोबर निघतं. या हिशेबानं घरातली सगळी बारशी, मुंजी, आजारपणं त्यांनी लावून ठेवली आहेत. सूनबाई पहिल्यांदा घरात आल्या तेव्हा सगळ्यांसमोर त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं, "तुम्ही माप ओलांडलं अन् त्याच दिवशी भाव सात रुपयांनी पडला बघा." सूनबाईंचा चेहरा उतरला. ताईनं डोळे वटारले. तेव्हा दाजींनी ताबडतोब सावरून घेतलं, "तुमच्यामुळं नाही हो. कच्चं रबर महागलं होतं." सूनबाईंना यातून कितपत दिलासा मिळाला कोण जाणे, पण आता त्याही टायरचं दुकान दिसलं की रबराची चौकशी करतात.

मागचं कळल्याशिवाय आजचं कळत नाही, हे त्यांचं एकमेव तत्त्व, आणि ते शेअरपुरतं राहिलेलं नाही. शहागंजात मेथी घ्यायला गेले की आधी कालचा भाव विचारतात, मग परवाचा. एकदा त्या भाजीवाल्याचा संयम सुटला. "चचा, कल की मेथी कल बिक गई. आज की बात करो ना." दाजींना हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी दोन जुड्या जास्त घेतल्या, आणि मेथी चढणीला लागलेली आहे असा निष्कर्ष घेऊन घरी आले. डॉक्टरांनी रक्तदाब दीडशे सांगितला तेव्हा म्हणाले, "हा आजचा झाला. चढताना दीडशे येगळा अन् उतरताना दीडशे येगळा. एकट्या आकड्याला काय अर्थ हाय, डॉक्टरसाहेब?" डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि दंडाला पुन्हा पट्टा बांधला. आकडा मघापेक्षा जास्त आला. "चढताना आहे," डॉक्टर म्हणाले. दाजींनी मान डोलावली. आपल्याला समजून घेणारा डॉक्टर भेटला म्हणून ते कितीतरी दिवस खुशीत होते. मीठ मात्र सोडलं नाही.

अशा माणसाकडं कॉलनीतले लोक सल्ला मागायला येणारच. "काका, अमुक कंपनी घेऊ का?" एवढाच प्रश्न असे. दाजी त्या कंपनीच्या जन्मापासून सुरुवात करत. आलेला माणूस चहा पिई, पुन्हा चहा पिई, आणि शेवटी घेऊ की नको हे न कळताच निघून जाई, कारण ते दाजींनी कधी कुणालाच सांगितलं नाही. "भाव कुठून आला ते मी सांगतो. कुठं जाईल ते त्याला तरी कुठं ठावं हाय?"

खरी कसोटी लागली ती आमच्या मेहुण्याच्या वेळी. बायकोचा हा धाकटा भाऊ बिडकीनला शेती करतो. नव्या औद्योगिक वसाहतीत त्याची काही जमीन गेली आणि मोबदला आला. पैसा आला की सल्लागार आपोआप येतात. एका रविवारी तो फोन नाचवतच दाजींच्या घरी आला. मी तिथंच होतो. कुणीतरी त्याला एका केमिकल कंपनीबद्दल निरोप पाठवला होता. कधीकाळी बाराशे रुपयांना असलेला शेअर आज फक्त एकशे तीस!

"दाजी, लई सस्ती झाली बगा. निम्मी रक्कम टाकतो. पुन्हा बाराशेवर गेली की मंग काय इचारता!"

दाजींनी चष्मा चढवला, फोनमध्ये बराच वेळ डोकं घातलं आणि एकदम ताईला हाक मारली, "एक भाकर आण बरं."

ताईनं भाकरी आणली. दाजींनी ती ताटात ठेवून तिचे दहा तुकडे केले. मेहुण्यानं पिठलं मागितलं.

"खायला नाही रे. हे बघ. अख्खी भाकर बाराशेची होती. मधल्या काळात कंपनीनं एका शेअरचे दहा शेअर केले. ज्याच्याकडं एक भाकर होती त्याच्याकडं आता दहा तुकडे. मग एका तुकड्याचा भाव काय?"

"एकशे वीस."

"अन् आज?"

"एकशे तीस."

"म्हंजे पडली का चढली?"

मेहुण्यानं ताटातले तुकडे मोजले. दाजींनी फोन त्याच्यापुढं धरला. मागचे सगळे भाव तुकड्यांच्या हिशेबात मांडलेली रेघ त्यात दिसत होती. ती डावीकडून उजवीकडं चढत आली होती आणि ऐन टोकावर आमचा मेहुणा उभा होता.

"मंग ती सस्ती नाय?"

"इतकी महाग ती जन्मात नव्हती. घ्यायची तर घे, पण सस्ती म्हणून घेऊ नको."

त्यानं घेतली नाही. आणि मग जे व्हायचं तेच झालं. ती कंपनी सबंध उन्हाळा चढत राहिली. मेहुणा रोज भाव बघे आणि रोज आपलं किती नुकसान झालं ते माझ्या बायकोला फोनवर सांगे. स्वतःच्या पोरीच्या साखरपुड्यात सगळ्यांसमोर तो दाजींना म्हणाला, "तुम्ही जल्मभर भाव पाठ केले. कमावलं काय?" दाजींनी हातातला लाडू ताटात ठेवला. "काही नाही," ते म्हणाले. खरोखरच आठवून पाहिल्यासारखं थोडं थांबून म्हणाले. त्यानंतर दोन घरांतलं जाणंयेणं बंद झालं. ताई रडली. फोन उघडणं दाजींनी काही दिवस सोडलं होतं हे मला ताईकडून कळलं.

पुढं दिवाळीच्या आत ती केमिकल कंपनी अशी कोसळली की तिच्या तुकड्यांचा भुगा झाला. मेहुणा मोसंबीचं पोतं घेऊन दारात उभा राहिला. दाजींच्या पाया पडायला वाकला तर दाजी मागं सरकले.

"मला कशाला श्रेय देतो? पडंल असं मी कुठं म्हणलो होतो? तू रागावला तेव्हाबी मला ठावं नव्हतं अन् आत्ताबी नाही."

"मंग तुम्ही सांगितलं काय होतं, दाजी?"

"भाकरीचे तुकडे मोजायला." आणि त्यांनी मोसंबीचा भाव विचारला. या वर्षीचा आणि गेल्या वर्षीचा.

मागच्या वर्षी दाजींची रबराची कंपनी एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली. छोट्या भागधारकांना भाव देऊन मोकळं केलं आणि शेअर बाजारातून तिचं नाव निघालं. पैसे बरे आले. ताईनं स्वयंपाकघराचा ओटा नवा करून घेतला. दाजींनी फोनमध्ये नाव टाकलं तर काहीच येईना. पुन्हा टाकलं. मग मला म्हणाले, "एकदा वाळूजला नेता का मला?"

तेव्हा मला कळलं की दाजींनी ही कंपनी कधी पाहिलीच नव्हती. इतकी वर्षं ते तिच्यापासून स्कूटरच्या अंतरावर राहत होते.

आम्ही गेलो. फाटकावरची जुनी पाटी उतरवून भिंतीला टेकवली होती. सुरक्षारक्षकानं विचारलं, "कुणाला भेटायचंय?" दाजी म्हणाले, "कुणालाच नाही." समोर चहाच्या टपरीवर आम्ही बसलो. पाळी सुटली, माणसं बाहेर आली. एक पिकल्या केसांचा कामगार आमच्या बाकावर येऊन बसला. दाजी त्याच्या हातांकडं बघत होते.

"काका, हितं कामाला होते का?" त्यानं विचारलं.

"नाही. ओळख होती."

मग दाजींनी हळूच चौकशी केली. एक साल फार वाईट गेलं होतं ना? भाव पार नऊवर आला होता. कामगाराला भावाचं काही ठाऊक नव्हतं, पण साल आठवत होतं. "तवा कंपनी आठवड्यातून तीन दिवसच चालायची. पगारबी निम्मा. मंग काय करता? मोकळ्या दिवसांत म्या अन् बायकोनं हातानं घर बांधून काढलं. हितंच बजाजनगरला. चला ना, दाखवतो."

दाजी लगेच उठले. घर दोन खोल्यांचं होतं. दारात तुळस होती, आणि एका भिंतीचा गिलावा जरा फुगलेला होता. बायकोनं पाणी दिलं, पोहे केले. दाजी घरभर हिंडले. त्या फुगलेल्या भिंतीवर तळवा ठेवून उभे राहिले. "त्या साली मी रोज काळजी करत होतो," ते म्हणाले. "मला काय ठावं, इकडं हे चाललंय." त्या दोघांना काही समजलं नाही. त्यांनी आणखी पोहे वाढले.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. एरवी दाजी माझ्या मागं बसले की स्कूटरचं मागचं कडं घट्ट धरून बसतात. त्या दिवशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. शहर लागलं त्या नगर नाक्यापर्यंत तो तिथंच होता.